मामांच्या हाताचा नळ

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे सासरे कागलजवळच्या एका गावात शेती करायचे आणि म्हशी सांभाळायचे. सासूबाई गेल्यावर काही महिने ते गावाकडंच एकटे राहिले. मग मी आणि नवऱ्यानं मिळून हट्ट धरला, तेव्हा म्हशी भावकीत दिल्या, शेत वाट्यानं लावलं आणि एक वळकटी, एक पत्र्याची पेटी घेऊन शहराच्या कडेला कळंब्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले.

सुरुवातीचे दिवस त्यांना फार जड गेले. धारा काढायच्या वेळेला पहाटे जाग यायची. उठून बाल्कनीत जायचे, खाली लावलेल्या गाड्या बघायचे, परत आत यायचे. टीव्ही त्यांना आवडत नव्हता. नवऱ्यानं एकदा बागेतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं, तर थोड्याच वेळात माघारी.

"सगळी नुसती गुडघ्यांवर बोलाल्यात," म्हणाले. "माझं गुडघं बरं हाईत. मी काय बोलू?"

मग आमच्या भांडीवाल्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं सकाळी सकाळी येऊन बसलेली असतात, त्यामुळं मला लवकर घर सोडावं लागतं. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. भांडी तशीच टाकून मी गेले, आणि दुपारी येऊन बघते तर सिंक रिकामं. ओट्यावर फडकं अंथरून सगळी भांडी पालथी घातलेली, आधी पातेली, मग ताटं, मग वाट्या. मामा खुर्चीत पेपर वाचत बसलेले. पेपरातनं मान वर न करता म्हणाले, "चहाच्या भांड्याचं बूड लई दिवसांत कुणी बघितलं न्हवतं वाटतं."

मी संकोचानं अर्धी झाले. "मामा, तुम्ही कशाला..." एवढंच म्हणत राहिले. पण त्यांनी मनावर घेतलंच नाही. आयुष्यभर त्यांनी दुधाच्या किटल्या घासल्या होत्या. किटलीला जरा आंबूस वास आला की डेअरीत दूध परत लावायचे, म्हणून किटलीच्या गळ्यात हात घालून, आतली कड बोटानं चाचपून घासायची त्यांची पद्धत. तीच पद्धत आता माझ्या कुकरला आणि टिफिनच्या डब्यांना लागू झाली. डब्याच्या झाकणातली रबराची रिंग काढून वेगळी धुणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

मावशी परत आल्या तेव्हा सिंकपुढं दोघांची जराशी चकमक झाली. मावशी म्हणाल्या, हे माझं काम. मामा म्हणाले, हुतं. शेवटी मावशींनी केर-फरशी घेतली आणि भांडी मामांकडंच राहिली. मावशींची तक्रार नव्हती. जाताना मला दारात हळूच म्हणाल्या, "म्हातारबा लई चिकट हाईत, पर घासत्यात झकास."

सगळं सुरळीत झालं असतं, पण नळ आडवा आला.

आमचा नळ जुन्या पद्धतीचा, पिळून बंद करायचा. मामांच्या गावी पाणी पाळीनं यायचं, त्यामुळं गळणारा नळ त्यांना बघवत नाही. नळ बंद झाल्यावरही ते वर आणखी एक पीळ द्यायचे. त्यांच्या हातात जन्मभर धारा काढून आलेली ताकद. पहाटे चहाला पाणी घ्यायला मी नळाला हात लावायची, तर नळ जागचा हलायचा नाही. नॅपकीन गुंडाळून बघायची, मग सांडशी लावून बघायची. शेवटी फिल्टरमधलं पाणी घेऊन चहा टाकायची आणि लॅबला पळायची.

"मामा, जरा हलक्या हातानं बंद करत जावा."

"गळतोय की मग."

"तुम्ही पिळताय म्हणून आतला वायसर खराब होतोय, आणि म्हणून गळतोय."

"गळतोय म्हणून पिळतोय," मामा म्हणाले, आणि विषय तिथंच थांबला.

ह्याच दिवसांत एक चुलत सासूबाई आमच्याकडं येऊन गेल्या. मी पोहे केले, त्यांनी खाल्ले, आणि त्यांच्या हातातली बशी घेऊन मामा सरळ सिंकपाशी गेले. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला. संध्याकाळी हुपरीहून माझ्या नणंदेचा फोन आला.

वन्सं नवऱ्यापेक्षा मोठ्या. हुपरीला त्यांच्या घरात चांदीचे पैंजण घडवतात. दाजी घडवतात आणि त्या स्वतः पॉलिशला बसतात. मनानं मोकळ्या, पण आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"वैनी, मी काय ऐकालोय? आबा भांडी घासत्यात?"

"वन्सं, ते ऐकत नाहीत. तुम्हीच विचारा त्यांना."

"मी कशाला विचारू? ज्या हातानं आमाला वाढवलं त्या हातात तुमी घासणी दिलीसा?"

आणि फोन बंद झाला. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. राग आला होता आणि रडूही येत होतं. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताईशी मी बोलतो," आणि सगळे भाऊ करतात तेच त्यानं केलं, म्हणजे बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मीच मामांना म्हटलं, "मामा, थोडे दिवस भांडी राहू द्या."

"का? डाग ऱ्हातोय?"

"नाही हो."

"साबण लई लागतोय?"

"नाही."

"मग?"

वन्सं काय म्हणाल्या ते सांगण्यापेक्षा मी ओटा पुसायला घेतला. मामांनी जरा वेळ वाट बघितली आणि कढई उचलली.

त्यानंतरच्या रविवारी नळानंच निकाल लावला. जेवणं झाली होती. मामांनी नेहमीसारखा शेवटचा पीळ दिला आणि नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं. पाणी सरळ वर, छताकडं. मामा दोन्ही हातांनी ते दाबायला गेले, तर पाणी चारी बाजूंना उडालं. डाळीचे डबे, फ्रिज, भिंतीवरचं कॅलेंडर, मी, सगळं भिजलं. नवरा व्हॉल्व्ह बंद करायला गच्चीवर पळाला आणि घाईत अख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद करून आला. खालच्या मजल्यावरून हाका सुरू झाल्या. मामा चिंब भिजून उभे होते, हातात नळाचं डोकं.

"झिजलंय आतनं," ते गंभीरपणे म्हणाले. "माझा काय दोष न्हाय."

मला इतकं हसू आलं की मी ओल्या फरशीवरच बसले.

प्लंबर आला, त्यानं पाइपाला तात्पुरतं बूच मारलं आणि म्हणाला, नवा नळ आणून ठेवा, संध्याकाळी बसवतो. नवऱ्याला दुपारपाळीला जायचं होतं. मामा कपडे बदलून, टोपी घालून दारात तयार. "चल पोरी. वापरणार मीच, तर बघाय बी मीच येणार."

आम्ही कुलूप लावतोय तोवर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर वन्सं. हातात पिशवी, चेहऱ्यावर हुपरीपासून एसटीत बसून जमवलेला सगळा राग. मी म्हटलं, आता इथंच दारात सुरू होणार.

"कुटं निघालासा?" त्यांनी विचारलं.

"नळ घ्यायला," मामा म्हणाले. "बरं झालं आलीस. तुझी नजर बरी हाय. चल."

वडिलांपुढं वन्सं एकदम भांडायला लागत नाहीत. आम्ही तिघं रिक्षात बसलो, मामा मधे. लक्ष्मीपुरीच्या बाजारापर्यंत वन्सं बाहेर तोंड करून बसल्या. मामा वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिवी घालत होते.

दुकान एका जैन कुटुंबाचं होतं, खाली दुकान आणि वर घर. मालक पन्नाशीचे, मऊ बोलणारे. आत एक अख्खी भिंत नळांचीच. बगळ्याच्या मानेचे, आखूड, काळे, सोनेरी, आणि एक तर शॉवरसारखा ओढून बाहेर काढायचा. मामा भिंतीपुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पावणं, ह्यातला भांडी घासायचा कुठला?"

"काका, सगळे त्याचेच आहेत."

"आन् हे सोन्याचं?"

"ते दिसायला."

"मग न्हाय."

मालकांनी नळ काढून काउंटरवर ठेवायला सुरुवात केली. मामा प्रत्येक नळ हातात घेऊन वजन बघायचे, तोंडात डोकावायचे, मग उलटा धरून हलवायचे. पितळी, जड, खिळखिळ न करणारे दोन-तीन बाजूला निघाले. पण समाधान होईना. मागच्या बाजूला एक सिंक बसवलेलं होतं, गिऱ्हाइकाला पाणी सोडून दाखवायला. मालकांनी तिथं नळ लावून दाखवला. मामांनी पाण्याखाली हात धरले आणि मान हलवली.

"रिकाम्या हातानं नळ कसा कळंल? एकादं खरकटं भांडं आणा की."

मालक हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. मामा हसले नाहीत. मग मालक जिन्यापाशी गेले आणि वर बघून ओरडले, "अगं, एक खरकटं भांडं दे खाली!"

वरनं आवाज आला, "काय?"

"खरकटं भांडं!"

"कसलं?"

"कसलंही! गिऱ्हाइकाला पाहिजे!"

मग जिन्यावरनं मालकांची बायको उतरली, हातात दुधाचं पातेलं, खाली चांगलं करपलेलं. "सकाळी उतू गेलं आणि मग लागलं," असं म्हणून तिनं ते मालकांच्या हातात दिलं, आमच्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं आणि परत वर गेली.

मामांनी बाह्या सारल्या. मालकांनी कुठूनतरी घासणी आणि साबणही आणून दिला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं गोळा व्हायला लागली. वन्सं पुढं झाल्या आणि त्यांनी मामांचं कोपर धरलं.

"आबा, काय कराल्यासा? लोकांची भांडी? बाजारात?"

"नळ बघतोय."

"सोडा ते. लोकं बघालेत. घरात घासाय लावत्यात ते कमी हाय व्हय?"

शेवटचं वाक्य मला होतं. माझे कान तापले. मामा थांबले. पातेलं खाली ठेवलं नाही, नुसते थांबले.

"मला कोन लावतंय?" ते म्हणाले. "ही तर नगं नगं म्हणतीया. तुझी आई अंथरुणाला खिळली तवा भांडी कोन घासत हुतं?"

"काकी यायची न्हवं?"

"काकी पयल्यांदा आली. मग तिची सुगी आली. त्यानंतर म्याच."

"मी यायचो तवा तर कधी दिसला न्हाईसा."

"कसा दिसन? एसटीचा आवाज आला की तुझी आई म्हणायची, पोरगी आली, ठेवा ती भांडी, जावा गोठ्यात. तिला वाटायचं, बापाला असं बघून तुला वाईट वाटंल. मग मी हात पुसून जायाचो भाईर."

वन्संनी कोपर सोडलं.

मामा पुन्हा घासायला लागले. घासता घासताच, नळाकडं बघत, म्हणाले, "खाटंवरनं सांगायची ती. उठता येत न्हवतं, पर नजर बघ कशी. हितं ऱ्हायलं, तितं ऱ्हायलं. मला काय येत हुतं? किटली येत हुती. बाकी सगळं तिनं शिकवलं. आता म्हशी बी न्हाईत, ती बी न्हाय. हात दिसभर काय करंल सांग."

मालक उगाच काउंटरवरचे नळ सरळ करत राहिले. मलाही ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि नवऱ्यालाही नसणार. पाण्याचा एक शिंतोडा मामांच्या कपाळावर उडाला होता आणि त्यांचे दोन्ही हात साबणाचे. वन्संनी पदराचं टोक घेतलं आणि त्यांचं कपाळ पुसलं. मग तशाच शेजारी उभ्या राहून सिंकात बघायला लागल्या.

जरा वेळानं त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "वैनी, ह्या नळाची मान लई उंच हाय. धार आपटून समदं पाणी आबांच्या पोटावर उडालंय बघ."

मी बघितलं. खरंच मामांचा सदरा पोटावर ओला झाला होता. "मग त्याच्यापेक्षा बुटका बघू," मी म्हणाले.

"पर एवढा बुटका बी नगं. कुकर खाली मावाय पायजे."

आणि मग आम्ही दोघी भिंतीकडं गेलो. नणंद-भावजय लग्नाच्या साड्या बघतात तसे आम्ही नळ बघितले. वन्संनी एक चकचकीत नळ उजेडात धरला, कडेवरनं नख फिरवलं. "ह्याच्यावर मुलाम्याचं पाणी पातळ चढवलंय," त्या म्हणाल्या. "कडंला आतलं पिवळं दिसालंय. आमच्याकडं असला पैंजण कोन घेत न्हाय." मालकांनी तो नळ मुकाट्यानं मागं ठेवला आणि खालच्या कप्प्यातनं दुसरा काढला. मध्यम उंचीचा, वाकड्या मानेचा, पितळी, बाजूला एकच दांडी. वर केली की पाणी सुरू, खाली केली की बंद.

मालकांनी तो सिंकवर बसवला आणि आम्हा दोघींना पसंत पडला. मामांना मात्र दांडीच पटेना.

"ह्याला पिळायचंच न्हाय?"

"नाही काका. नुसती खाली करायची."

"मग बंद झालाय ते हाताला कळणार कसं?" असं म्हणत त्यांनी दांडी खाली दाबली, आणि खात्री करायला आणखी दाबली. सिंक हललं.

"काका, काका!" मालक पुढं धावले.

मला वाटलं, हाही नळ गेला. प्लंबर, नळ, पाणी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. वन्सं मात्र शांतपणे म्हणाल्या, "आबा, धार काढताना म्हशीला एवढं दाबत हुतासा का?"

मामांनी त्यांच्याकडं बघितलं. "लाथ घातली असती तिनं."

"मग?"

मामा विचारात पडले. त्यांनी दांडीवरनं मूठ काढली. अंगठा आणि दोन बोटं लावली आणि दांडी अलगद वर नेली. पाणी आलं. अलगद खाली आणली. पाणी थांबलं. कान जवळ नेऊन त्यांनी ऐकलं. परत वर, परत खाली. आजूबाजूची गिऱ्हाइकंही श्वास रोखून बघत होती.

"हां," मामा म्हणाले. "असं म्हंजे गरीब हाय बिचारा."

तोवर मालकांची बायको पातेलं न्यायला खाली आली होती. मामांनी ते पुसून तिच्या हातात दिलं. तिनं पातेलं उलटंसुलटं करून बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, "हे आपलंच आहे?"

"आपलंच."

"मग हे काकाच ठेवून घ्या, नळ राहू दे," असं म्हणून ती हसत वर गेली.

संध्याकाळी नळ बसला. नवरा रात्री उशिरा पाळीवरनं आला तो आधी स्वयंपाकघरात गेला, खाली वाकून नळ सगळीकडनं बघितला, बोटानं वाजवला आणि "ओतकाम बरं आहे" असं फाउंड्रीतलं प्रमाणपत्र दिलं. वन्सं त्या दिवशी राहिल्या. रात्रीची भांडी मामांनी घासली आणि त्यांनी पुसून लावली. मी मधे गेले तर दोघांनीही मला बाहेर घालवलं. मग चुलत सासूबाईंचा फोन आला, बहुतेक पुढं काय झालं ते विचारायला. वन्सं फोनवर म्हणाल्या, "व्हय, घासत्यात की. तुमच्यात कोन घासतंय? बरं घासतंय का?" आणि फोन ठेवला.

सकाळी एसटीला निघताना त्या दारात थांबल्या. पिशवी या हातातनं त्या हातात घेतली. "वैनी, परवा फोन मधीच बंद झाला बघ. रेंज गेलती."

"व्हय वन्सं," मी म्हणाले, "तिकडं रेंजचा त्रासच आहे."

दोघी हसलो.

नंतर काही आठवड्यांनी त्या मामांना हुपरीला घेऊन गेल्या, चार दिवस राहायला. जाताना मामांनी मला एकच विचारलं, "तिच्याकडं नळ कसला हाय गं?" मला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वन्संचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, माणसांचं बोलणं, चांदी ठोकल्याचा टकटक नाद. आबा त्यांच्या सासरी, सगळ्या माणसांदेखत, सिंकपुढं उभे राहिले होते म्हणे.

"मग? तुमच्या सासूबाई काय म्हणाल्या?" मी जरा धास्तावूनच विचारलं.

"त्या म्हणाल्या, पावण्यांस्नी म्हैनाभर ठेवून घ्या."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "रविवारी मी न्यायला येतेय."